क्विंबींच्या पेटीवरचे पक्षी

ऑरिन टेनीच्या घरी टपालानं पुस्तक आलं की तो ते कसं उघडतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. आधी तो हात धुवायचा. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वच्छ फडकं पसरून त्यावर पुडकं ठेवायचा. दोरी कापायची नाही, गाठ नखानं सोडवायची. पुस्तक हातात आलं की माणसं पहिलं पान उघडतात. ऑरिन शेवटचं उघडायचा. माहितीच्या पुस्तकांच्या मागे नावांची यादी असते. त्या यादीत बोट फिरवत तो 'क्यू' या अक्षरापाशी जायचा आणि तिथं बोट थांबायचं. तेवढा वेळ त्याच्याशी कुणी बोललं तरी त्याला ऐकू जात नसे. मग त्याचे खांदे हळूच खाली उतरायचे आणि तो म्हणायचा, "हं. कॉफी घेणार का, डेक?"

मला वाटायचं, जाणत्या माणसांची पुस्तक बघायची हीच रीत असेल. मी शाळेत आठवीपुढे गेलो नाही. जे काही वाचलं ते हिवाळ्यात, शेगडीशेजारी बसून, एकट्यानं. त्यामुळे पुस्तक मागून उघडणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटत होता. ती रीत नव्हती, भीती होती, हे कळायला मला त्याच्यासमोर राहायला आल्यावर एकतीस वर्षं लागली.

आमचं लिट्ल कॉर्बिन हे गाव न्यू हॅम्पशरच्या डोंगरात, नदीपासून सहा मैल वर. रस्त्याच्या अलीकडे मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करायचं माझं गुऱ्हाळ आणि पलीकडे ऑरिनचं घर. घरामागे त्याचं दुकान. तिथं तो मोडक्या खुर्च्यांना पाय द्यायचा, अडकलेले खण सैल करायचा. उंच, जरासा वाकलेला माणूस, दोन्ही अंगठे वॉर्निशनं कायमचे तपकिरी. घराच्या मागच्या बाजूला जुनं उन्हाळी स्वयंपाकघर होतं. त्यात त्यानं जमिनीपासून छतापर्यंत फळ्या ठोकल्या होत्या आणि त्या फळ्यांवर नऊशेच्या वर पुस्तकं होती. सगळी एकाच विषयावरची. यंत्रं यायच्या आधी आमच्या लोकांनी हातानं केलेलं घरातलं सामान: खुर्च्या, पेट्या, घड्याळं, कथलाच्या थाळ्या, रंगवलेले डबे, गोधड्या, दाराच्या कड्या. कुठल्या गावचा सुतार खणाचा सांधा कसा करायचा, कुठल्या खोऱ्यात पेटीच्या तळाला कुठलं लाकूड वापरायचे, ते सगळं तिथं होतं. नदीच्या साऱ्या खोऱ्यात असा संग्रह दुसरा नव्हता. हे मी अभिमानानं सांगतो, कारण त्या फळ्या माझ्या रानातल्या पाइनच्या आहेत.

दूरदूरची माणसं विचारायला यायची. ऑरिन खण उलटा करून त्याच्या पोटाखालून अंगठा फिरवायचा. हातरंध्याच्या लाटा अंगठ्याला लागल्या की सांगायचा, "हा जुना. तुमच्या पणजोबांच्याही आधीचा." मग उठून न चुकता नेमकं पुस्तक काढायचा आणि नेमकं पान उघडायचा. लोक म्हणायचे, या माणसाला पुस्तकांचं वेड आहे. तो ऐकून घ्यायचा आणि पुस्तक परत फळीवर ठेवायचा.

या सगळ्याची सुरुवात एकोणीसशे एकोणसाठच्या मे महिन्यात झाली.

त्या काळात आमच्याकडे एक चाल होती. वसंतात रस्ते वाळले की घराघरांतलं जुनं रंगवलेलं सामान बाहेर निघायचं आणि त्याचा रंग उतरवायचा. उन्हाळ्यात शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना लाकूड मधासारखं दिसायला हवं असे. आमच्या आयांनाही वाटायचं, रंग म्हणजे गरिबाघरचा, उघडं लाकूड म्हणजे सुधारलेल्या घरचं. ऑरिनच्या दुकानामागे कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचं एक लांबट टाकं होतं. निळी कपाटं, तांबडी बाकं, हिरव्या पेट्या, सगळं त्या टाक्यात बुडायचं. रंग सायीसारखा सुटून वर यायचा आणि टाकं रिकामं केलं की ओढ्यातून वाहून जायचा. आम्ही पोरं काठावर उभं राहून आज कुठला रंग आला ते बघायचो. त्यात काही वाईट आहे असं कुणाच्या मनातही येत नसे.

ऑरिन तेव्हा बावीस वर्षांचा. बर्निस क्विंबीशी लग्न होऊन आठ महिने झाले होते. तिची आई ॲडलाइन ताठ बाई. जावयाला अजून नावानं हाक मारत नव्हती, 'तो सुतार' म्हणायची. ती तीन आठवड्यांसाठी समुद्राकडे बहिणीकडे निघाली आणि जाताना म्हणाली, "माझ्या पेटीची बिजागरी तुटली आहे. सुताराला म्हणावं, तेवढी बसव."

ती पेटी म्हणजे क्विंबींचं घराणंच. त्यांची माणसं खालच्या मुलखातून गोठलेल्या नदीवरून घसरगाडीत घालून ती वर घेऊन आली होती, तेव्हा या डोंगरात वाट नव्हती. पुढच्या फळीवर वेल, ट्युलिपची फुलं आणि समोरासमोर बसलेले दोन पक्षी. पण शेगडीच्या धुरानं सगळं इतकं काळवंडलं होतं की पाहुण्याला ते दाखवावं लागे.

ऑरिनला वाटलं, बिजागरी तर कुणीही बसवेल. सासूबाईंना चकित करावं. सकाळी दहाला त्यानं पेटी टाक्यात सोडली. दुपारी ती उन्हात उभी होती, मधासारखी, चकचकीत. त्यावर एक रेघही उरली नव्हती.

त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या मास्तरांनी पुस्तकांचं कपाट दुरुस्तीला टाकलं होतं. ते हलवताना आतून विसरलेलं एक जाड तपकिरी पुस्तक खाली पडलं. उचलताना ते मधेच उघडलं आणि समोर सासूबाईंची पेटी होती. काळं-पांढरं चित्र. खाली लिहिलं होतं की खोऱ्यातल्या रंगीत पेट्यांपैकी मूळ रंग टिकलेल्या पेट्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यांतली ही एक. खरवडण्याच्या हौसेतून ती वाचली आहे, याबद्दल क्विंबी कुटुंबाचे आभार मानावेत तेवढे थोडे.

ऑरिननं तोवर सबंध पुस्तक कधी वाचलं नव्हतं. ती चार वाक्यं त्यानं तीनदा वाचली. मग दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

बारा दिवस ते दार बंद होतं. ताकात चुना कालवून त्यात मातीचे रंग घालायची कृती त्याला आजोबांकडून ठाऊक होती. वेलीची वळणं त्यानं चित्रावरून कंपासनं मोजून घेतली. अडलं ते रंगांपाशी. दर रविवारी तो त्या घरी जेवला होता, गुडघे पेटीला लागतील इतक्या जवळ बसला होता, आणि पक्षी कुठल्या रंगाचे होते ते त्याला आठवेना. त्या संध्याकाळी बर्निस बटाटे सोलत होती.

"तुझ्या आईच्या पेटीवरचे पक्षी कुठल्या रंगाचे गं?"

"पेटी तुझ्याकडे आहे ना? बघ की."

"बघितले. तुला आठवतात का, ते बघतोय."

बर्निसचा चाकू थांबला. "निळे," ती म्हणाली. "लहानपणी ताप आला की मी त्यांच्याशी बोलायचे. मला कशाला विचारतोस असलं?"

त्यानं पक्षी निळे केले. चित्रात डावीकडच्या पक्ष्याच्या डोक्यावर एक पांढरा ठिपका होता, मोहरीएवढा. तो डोळा, असं त्यानं धरलं. उजवीकडच्याचा पुसला गेला असणार म्हणून त्यालाही एक दिला. मग सगळ्यावर काजळी आणि चहाचं पाणी चोळलं, फडक्यानं कडा झिजवल्या आणि शेवटी बिजागरी बसवली.

ॲडलाइन परत आली. पेटीसमोर उभी राहिली, वाकून पुढची फळी पाहिली. शेवटी ती म्हणाली, "पक्षी जागे झालेत."

एवढंच. मग तिनं पलंगावरच्या चादरी उचलल्या, त्यांच्याबरोबर घरी विणलेली पांघरुणं आणि बर्निसचं बारशाचं झबलं, एकेक करून पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. त्या दिवसापासून ती त्याला ऑरिन म्हणू लागली. तिनं ओळखलं होतं की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही, आणि ती गेल्यावर विचारायला कुणी उरलं नाही.

त्या तपकिरी पुस्तकाच्या पानाखाली बारीक अक्षरात एक टीप होती: या पेटीचं सविस्तर वर्णन अमक्या पाद्र्याच्या बहिणीनं लिहिलेल्या पुस्तिकेत पाहावं. म्हणजे कुठंतरी एक कागद होता आणि त्यावर खरे रंग लिहिलेले होते. उद्या तो बर्निसच्या हातात पडला तर? तिचे निळे पक्षी, तिच्या तापातले, आपल्या हातचे आहेत हे तिला एखाद्या परक्याच्या पुस्तकातून कळलं तर? ऑरिन ती पुस्तिका शोधायला निघाला. ती मिळाली नाही, पण दुसरं पुस्तक मिळालं. त्याच्या टिपेत तिसऱ्याचं नाव होतं, तिसऱ्याच्या टिपेत आणखी दोघांची. प्रत्येकात क्विंबींची पेटी असू शकत होती. लिलावात, चर्चच्या तळघरात, बंद पडलेल्या शाळांच्या खोक्यांत तो शोधत राहिला. पहिली काही वर्षं तो फक्त 'क्यू' बघून पुस्तक मिटायचा. मग कधीतरी बाकीचंही वाचू लागला, आणि वाचता वाचता त्याला ते आवडू लागलं. ज्ञान वाढलं तशी भीती शहाणी झाली. आधी त्याला नुसतं वाटायचं की आपण पकडले जाऊ. आता कशानं पकडले जाऊ, तेही त्याला नेमकं ठाऊक होतं.

अकरा वर्षांनी ती पुस्तिका सापडली, भजनांच्या वह्यांच्या खोक्यात. राखाडी, बत्तीस पानांची. चित्र तेच, पण स्वच्छ छापलेलं. डाव्या पक्ष्याच्या डोक्यावर ठिपका नव्हता. तपकिरी पुस्तक छापताना तिथं धुळीचा कण बसला होता. आणि पाद्र्याच्या बहिणीनं लिहिलं होतं: पक्षी तांबडे आहेत, रंगवणाऱ्यानं त्यांना डोळे दिलेले नाहीत.

ऑरिननं शेगडीचं दार उघडलं. पुस्तिका हातात धरून तो तिथं उकिडवा बसला, गुडघे भाजेपर्यंत. ती आगीत टाकणं त्याच्या हातून झालं नाही. मग त्यानं दुसराच उद्योग धरला. त्या पुस्तिकेची जी प्रत दिसेल ती घ्यायची आणि दुकानातल्या वरच्या कप्प्यात पोत्यात गुंडाळून ठेवायची. अशा अकरा जमल्या. पेटी तोवर त्यांच्याच घरी आली होती, पुढच्या खोलीत, खिडकीखाली. परकं कुणी आलं की ऑरिन तिच्यावर शाल टाकायचा. म्हणायचा, उन्हानं रंग विटतो.

हे सगळं मला नंतर कळलं. दोन हजार तीनच्या मार्चअखेरीस मला एवढंच दिसलं की ऑरिन पोतं छातीशी धरून चिखलातून माझ्या गुऱ्हाळाकडे येतोय. बर्फ वितळून रस्त्याची खीर झालेली, त्याचे बूट घोट्यापर्यंत रुतत होते. मी कढईखाली लाकूड सारत होतो.

"डेक, हे ठेव. कोरड्या जागी. उघडू नकोस."

"काय आहे? माणूसबिणूस मारला नाही ना?"

तो हसला नाही. "उद्या संध्याकाळपर्यंत ठेव. बर्निसनं एका संग्रहालयाला पत्र घातलंय. तिथली बाई येतेय पेटी बघायला. नवीन पुस्तक काढतायत."

"मग चांगलंच आहे की. वहिनींनी तुम्हाला चकित केलं."

"हो," ऑरिन म्हणाला. "चकित केलं."

मी पोतं खुंटीला टांगलं आणि कामाला लागलो. अर्ध्या तासानं तो पुन्हा आला, धापा टाकत.

"कुठं ठेवलंस?"

"ते काय."

"वाफेत? रसाच्या वाफेत ठेवलंस? अरे गाढवा, कागद आहे तो."

"उघडू नको म्हणालात, मला काय ठाऊक आत कागद आहे की कांदे." मी पोतं घरात नेऊन कपड्यांच्या कपाटात ठेवलं. तो कपाटाचं दार नीट लागल्याची खात्री करून गेला.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंची गाडी अपेक्षेप्रमाणे टेकडीखाली रुतली. एलिनॉर वेदरबी त्यांचं नाव. पन्नाशीच्या, आखूड केस, चिखलात एक बूट हरवलेला. मी ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली.

"तुमच्याकडे मार्चमध्ये पाहुणे कसे येतात?" त्यांनी विचारलं.

"येत नाहीत, बाई."

पेटी उजेडाला धरायची म्हणून मलाही आत बोलावलं. बर्निसनं चादरी आणि पांघरुणं काढून खुर्चीवर रचली होती. निळा रेशमी गळपट्टा बांधून ती चर्चला निघाल्यासारखी उभी होती. ऑरिन आणि मी पेटी खिडकीशी नेली.

"जपून रे," बर्निस म्हणाली. "चाळीस वर्षं खुर्च्या उचलतोस आणि आजच हात कापतायत?"

एलिनॉरबाई गुडघ्यांवर बसल्या. भिंग लावून त्यांनी तळ पाहिला, सांधे पाहिले, मागची फळी पाहिली. लाकूड खरंच जुनं होतं, त्याबद्दल भीती नव्हती. मग त्या पुढच्या बाजूला आल्या. खोलीत फक्त छपरावरचं बर्फ गळतानाचा आवाज होता. ऑरिन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"या जातीच्या आणखी चार पेट्या मला ठाऊक आहेत," बाई सावकाश म्हणाल्या. "सगळ्यांवरचे पक्षी आंधळे. ही एकच अशी, जिच्यावर डोळे आहेत. तुमच्याकडे जुनं चित्र असलेलं पुस्तक आहे ना? बघू?"

ऑरिन हलेना. शेवटी बर्निसनंच तपकिरी पुस्तक आणून दिलं. बाईंनी पान उघडलं, भिंग धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे बघा. इथंही डोळा आहे. छपाई वाईट म्हणून दुसरा दिसत नाही, इतकंच. म्हणजे मुळापासून आहेत."

धुळीचा कण साक्षीला आला होता. ऑरिन सुटला होता, आणि मी त्याच्याकडे पाहिलं तर तो आधीपेक्षा जास्त घाबरलेला दिसला.

"हा रंगारी वेगळाच आहे," बाई वहीत लिहीत होत्या. "आजवर कुणाला माहीत नसलेला. त्याला काहीतरी नाव द्यावं लागेल. मुखपृष्ठावर हाच पक्षी घेईन मी."

"माझी आई म्हणायची ना," बर्निस गळपट्टा सावरत म्हणाली, "पक्षी जागे झालेत म्हणून. ऑरिन, आठवतं?"

"वा," बाई म्हणाल्या. "हेच नाव. जागत्या पक्ष्यांचा रंगारी." आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

ऑरिन त्या वहीकडे बघत होता. पुढं त्यानं मला सांगितलं की त्या क्षणी त्याला फळ्यांवरची सगळी पुस्तकं दिसली. एकाची टीप दुसऱ्यात जाते, दुसऱ्याची तिसऱ्यात. या मार्गानं तो चव्वेचाळीस वर्षं चालला होता. आता त्या मार्गावर त्याचा धुळीचा कण निघाला होता, आणि तो कधीच थांबणार नव्हता. पुढं कुणीतरी पोरगा, कुणीतरी पोरगी पुस्तक मागून उघडणार, नावापाशी बोट थांबवणार आणि खोटं वाचणार.

"डेक," तो म्हणाला. "ते पोतं आण."

मी चिखल तुडवत गेलो आणि आलो. परत येईपर्यंत तिघंही जिथं होती तिथंच होती, कुणी बसलंही नव्हतं. ऑरिननं हात धुतले. पोत्याची गाठ सोडवायला त्याला फार वेळ लागला. बर्निस म्हणाली, "कापून टाक ना दोरी." तो म्हणाला, "नको." मग त्यानं अकरा राखाडी पुस्तिका टेबलावर ठेवल्या, एक उघडली आणि बाईंपुढे सरकवली.

बाईंनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पक्षी तांबडे आहेत, इथं त्यांचा आवाज मंदावला. पुढचं वाक्य त्यांनी मनात वाचलं.

"रंग माझा आहे," ऑरिन म्हणाला. "एकोणसाठच्या मे महिन्यातला. डोळेही माझे. तपकिरी पुस्तकात आहे ती धूळ आहे, बाई. मी तिचे डोळे केले."

"खालचा मूळ रंग? कुठं कोपऱ्यात काही?"

"टाक्यात गेला. तिथून ओढ्यात."

बाईंनी वहीतलं पान आडवी रेघ मारून खोडलं. नवं पान काढलं. मग म्हणाल्या, "मी हे लिहीन. जसं सांगितलंत तसं. तुमच्या नावासकट."

"लिहा," ऑरिन म्हणाला, पण तो बघत होता बर्निसकडे.

बर्निस पेटीसमोर वाकली होती. डाव्या पक्ष्याच्या डोळ्यावर तिनं अंगठा ठेवला, जणू तो मिटतो का बघत होती.

"तू मला विचारलं होतंस, रंग कुठला म्हणून," ती म्हणाली.

"हो."

"मी निळे म्हणाले."

"हो."

"मला आठवत नव्हतं, ऑरिन. आपल्याच घरची पेटी आठवत नाही, असं तुला कसं सांगणार? तोंडाला आलं ते सांगितलं." ती सरळ उभी राहिली. "आणि मग तू ते तसं केलंस, आणि मला वाटलं, बघ, बरोबर आठवलं होतं."

तिनं खुर्चीवरच्या चादरी, पांघरुणं, झबलं असं सगळं दोन्ही हातांत घेतलं आणि वर निजायच्या खोलीत नेलं. जिन्यावरची तिची पावलं आम्ही ऐकत राहिलो. एलिनॉरबाईंनी एक पुस्तिका मागून घेतली आणि मी त्यांची गाडी ट्रॅक्टरच्या मागे बांधून टेकडीखाली सोडली. खाली दोरी सोडताना त्या एकदाच बोलल्या, "काम मात्र उत्तम आहे हो त्यांचं." मी म्हणालो, "ते आम्हाला माहीत आहे."

नऊ दिवस पेटी खिडकीशी उघडी आणि रिकामी राहिली. चादरी वर दुसऱ्या पलंगावर पडून होत्या. बर्निस स्वयंपाक करायची, वाढायची, पाऊसपाण्याचं बोलायची, त्यापलीकडे नाही. ऑरिन रोज सकाळी माझ्या गुऱ्हाळात यायचा, ओंडक्यावर बसायचा, कढईखाली लाकडं सारायचा. या नऊ दिवसांत त्यानं मला सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, आगीकडे बघत.

"आता तर झालं ना सांगून," मी एकदा म्हणालो. "आता कशाची भीती?"

"आधी पुस्तकाची होती. पुस्तक बंद करता येतं," तो म्हणाला. "आता तिची आहे. ती जिन्यावरून उतरली की माझं काळीज थांबतं, लेका. आज काय बोलेल, की आजही काही बोलणार नाही."

"दोहोंत वाईट कुठलं?"

"ते अजून ठरलेलं नाही."

टपालानं एक पुस्तक आलं होतं. त्यानं ते उघडलंही नव्हतं. पुडकं टेबलावर तसंच होतं, दोरीसकट.

दहाव्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर आला. बसला नाही. दारातच उभा राहिला, वाफेत त्याचा चेहरा धड दिसेना.

"चादरी आत आहेत," तो म्हणाला.

"पेटीत?"

"पेटीत. पांघरुणंही. झबलं सगळ्यांत वर. झाकण लावलेलं होतं, मी उघडून बघितलं."

"काही बोलल्या का?"

"मी झाकण उघडलं ते तिनं आतून ऐकलं. म्हणाली, बिजागरी कुरकुरते, तेवढी बघ." ऑरिन थांबला. मग त्यानं पुढचं अगदी बर्निसच्या सुरात सांगितलं. "तेवढीच बघ, म्हणाली. दुसरं काही करू नकोस."

मी कढईवरची जाळी बाजूला ठेवली. हसावं की नाही ते मला कळेना, म्हणून लाकडं नीट लावत बसलो.

"तेल आहे का तुझ्याकडे?" त्यानं विचारलं.

त्याच्या दुकानात तेलाच्या सात बाटल्या आहेत, सगळ्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या. मी माझ्या फळीवरची बाटली काढली, आग मंद केली, आणि तो त्या पेटीला एकट्यानं हात लावणार नाही हे दिसत होतं, म्हणून त्याच्याबरोबर चिखलातून पलीकडे गेलो.